चाकमावशी आणि चौदाच्या वरची मुलं

आमच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये सात नंबरच्या जागेवर गाडी उभी राहत नाही. तिथे चाकमावशी बसतात. त्यांच्याभोवती मोडक्या व्हीलचेअर, वॉकर, कुबड्या आणि दर उन्हाळ्यात चार-पाच लांबलचक हातापायांची मुलंमुली. मी या इमारतीचा सेक्रेटरी. मावशींना मी आजवर तीन नोटिसा दिल्या आहेत हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागलो की मला कुणी त्यांचा भाट म्हणायला नको.

नोटिसांचं काय झालं तेही सांगतो. मावशींनी तिन्ही अथपासून इतिपर्यंत वाचल्या, कागदाची मागची बाजू कोरी आहे हे बघून खूश झाल्या आणि तिथे दुरुस्तीला आलेल्या खुर्च्यांचे नंबर लिहून कागद भिंतीला चिकटवले. माझी सही आतल्या बाजूला गेली. चौथी नोटीस लिहायचा उत्साह मला राहिला नाही.

मावशी एकतीस वर्षं एका मोठ्या इस्पितळात होत्या. लागल्या त्या आया म्हणून, वय तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस. वॉर्डातल्या एका स्ट्रेचरचं चाक इतकं कुरकुरायचं की दुपारी कसाबसा डोळा लागलेला पेशंट दचकून उठायचा. मावशींनी घरून डोक्याला लावायचं तेल आणलं आणि चाकात सोडलं. मग दुसऱ्या स्ट्रेचरच्या, मग तिसऱ्याच्या. तळघरात दुरुस्तीची खोली होती, तिथला फोरमन ‘आमच्या कामात ही कोण नाक खुपसणारी’ म्हणून भांडायला वर आला. भांडण झालं, आणि संपल्यावर तो मावशींना खालीच घेऊन गेला. पुढची सगळी वर्षं त्या तळघरात एकट्याच बाई. निवृत्त झाल्या तेव्हा इस्पितळाने शाल-नारळाऐवजी पान्ह्यांचा अख्खा संच दिला. तो लाल डबा अजून त्यांच्या स्टुलाखाली असतो आणि त्याला विचारल्याशिवाय हात लावलेला त्यांना खपत नाही.

त्यांना नवरा नाही, मूलबाळ नाही. तळमजल्यावर एक खोली आणि स्वयंपाकघर, दार थेट पार्किंगमध्ये उघडणारं. निवृत्तीनंतर कुणी शेजारी आईचा वॉकर घेऊन आला, कुणी सासऱ्यांची खुर्ची, आणि खोली पुरेना म्हणून मावशी दाराबाहेर सरकल्या. समोर स्कूटरींवर इमारतीतली मोठी मुलं मोबाइलमध्ये मान घालून बसलेली असायची. एकदा मावशींना चाक बसवताना तिसरा हात कमी पडला. त्यांनी मान वरही न करता सांगितलं, “ए लंबू, हे धर.” सहाव्या मजल्यावरच्या उंच मुलाने धरलं. पाऊण तास धरून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी न बोलावता आला, आणि सोबत आणखी एकाला घेऊन आला. मावशींच्या सुट्टीतल्या शाळेची स्थापना ती एवढीच. उद्घाटनाला सेक्रेटरी नव्हते, ते वर बसून पहिली नोटीस लिहीत होते.

त्यांचा एक नियम मात्र मला सुरुवातीपासून विचित्र वाटायचा. चौदाच्या खालचं मूल त्या घ्यायच्या नाहीत. “तेरा? मग अजून शिबिरात जागा आहे तुला. जा, मजा कर. तिथले नको म्हणाले की ये.”

त्या नियमाचा अर्थ मला माझ्या धाकटीने शिकवला.

धाकटी सहा वर्षांची असल्यापासून एकाच उन्हाळी शिबिराला जायची. या वर्षी तिला पंधरावं लागलं आणि शिबिरवाल्यांचं पत्र आलं, वयोमर्यादा चौदा. मी हार मानणाऱ्यातला नाही. पोहण्याच्या तलावावर गेलो, तर तिथे एक वर्ग बारापर्यंतच्यांचा आणि दुसरा थेट मोठ्यांचा. वाचनालयात गोष्टींचा तास होता, पण तिथे मुलं आईच्या मांडीवर बसलेली. शिबिरात मदतनीस म्हणून घ्या म्हटलं, तर अठरा पूर्ण हवीत. म्हणजे पोरगी एकीकडे मोठी म्हणून बाद आणि दुसरीकडे लहान म्हणून बाद. मधली तीन-चार वर्षं या मुलांना कपाटात घडी घालून ठेवायचं की काय, असं मी शिबिरातल्या बाईंना विचारलंसुद्धा. शेवटी माझं तोंड बंद व्हावं म्हणून त्यांनी तिला एक दिवस आठ वर्षांच्या गटात बसवलं.

संध्याकाळी धाकटी घरी आली, माझ्या ताटाशेजारी कागदाचा हिरवा बेडूक ठेवला आणि म्हणाली, “बाबा, मी बेडूक केला.” एवढंच बोलून ती खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं. बायको माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू तो बेडूक मीच केला होता.

पुढचे आठ दिवस ते दार फक्त जेवायला उघडायचं. नवव्या दिवशी मी निमूटपणे खाली गेलो. तीन नोटिसा दिलेल्या बाईपुढे उभं राहणं किती कठीण असतं ते ज्याचं त्याला माहीत. मी घसा साफ केला. मावशी म्हणाल्या, “पंधरा ना? उद्या नऊला पाठवा. जुने कपडे घालून.” नोटिसांचा शब्द नाही. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं.

मावशींकडे पोरगी काय शिकते ते मी जाता-येता बघायचो. तिथे कुणाला कुणी ‘शाब्बास बाळा’ म्हणत नाही. खुर्ची आली की तिला नंबर मिळतो आणि तो नंबर एका मुलाचा किंवा मुलीचा. काढलेला प्रत्येक तुकडा, अगदी गंजका खिळासुद्धा, त्या नंबरच्या पत्र्याच्या डब्यात जातो आणि खुर्ची परत गेल्यावर महिनाभर डबा हलत नाही. फरशीवर खडूने वीस फुटांची रेघ आहे. दुरुस्त झालेली खुर्ची ढकलून सोडली की ती त्या रेघेवरून सरळ गेली पाहिजे. आणि शेवटचा नियम असा की ज्याने दुरुस्त केली त्याने त्या खुर्चीत अर्धा दिवस काढायचा. पाणी प्यायचं तरी खुर्चीतून, लिफ्टचं बटण दाबायचं तरी खुर्चीतून. दूध आणायला निघालेली धाकटी लिफ्टच्या उंबऱ्याला अडकलेली मी पाहिली आणि मदतीला धावलो, तर तिने असे डोळे वटारले की मी जिन्याने वर गेलो.

पंधरा दिवसांत तिचं दार उघडं राहू लागलं. ताटावर ती बेअरिंग आणि स्पोक यांवर बोलायची. आम्हाला दोघांनाही काही कळायचं नाही आणि आम्ही दोघंही दुसऱ्यांदा भाजी वाढून घ्यायचो.

अशात एका सोमवारी टेलरकाकांची खुर्ची आली.

टेलरकाकांचं दुकान मागच्या गल्लीत. आसपासच्या दोन शाळांचे गणवेश तेच शिवतात, त्यामुळे उन्हाळा हाच त्यांचा हंगाम. दोन वर्षांपूर्वी त्यांना झटका आला, तेव्हापासून ते व्हीलचेअरवर आहेत. मशिनवर आता दोन कारागीर बसतात, कापड आणि मापं काका बघतात. घरापासून दुकानापर्यंत दोन वळणं आणि औषधाच्या दुकानापाशी छोटासा चढ. तेवढा रस्ता ते रोज एकटे जातात, एकटे येतात. खुर्ची घेऊन ते स्वतः आले नव्हते, आठवडाभरासाठी दुसऱ्या गावाहून आलेला त्यांचा मुलगा आला होता.

“एका बाजूला ओढते आणि खडखडते,” मुलगा म्हणाला. “मावशी, जरा नीट करून द्या. बाबांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय की एकट्याने दुकानात जाता येतंय तोवर दुकान चालू ठेवायचं. आणि मीही त्यांच्याकडून कबूल करून घेतलंय की ज्या दिवशी लोकांवर त्यांना उचलून आणायची वेळ येईल, त्या दिवशी दुकानाला कुलूप आणि ते माझ्याकडे. माझा जीव तिकडे टांगणीला लागलेला असतो हो.”

खुर्चीला नंबर मिळाला बावीस, आणि बावीस नंबर धाकटीचा.

तिने ती खोलली तेव्हा मी तिथेच उभा होतो. डाव्या चाकात हवा कमी होती. पुढच्या डाव्या छोट्या चाकाचा बोल्ट तिने काढला, तर आत वॉशरच्या जागी चक्क कोटाची दोन काळी बटणं! चाक त्यामुळे जखडून बसलं होतं. “कुठल्या शहाण्याने हे केलंय?” धाकटी म्हणाली, आणि लंबूसकट सगळी पोरं हसली. सगळ्यात मोठ्याने मी हसलो. मावशी तेव्हा दुसऱ्या टोकाला एका वॉकरच्या पायात डोकं घालून बसल्या होत्या.

धाकटीने बटणं डब्यात टाकली, नवे वॉशर घातले, दोन्ही चाकांत सारखी हवा भरली. खुर्ची रेघेवरून अशी गेली की बघत राहावं. अर्धा दिवस ती त्यात बसली, फिरली, वळली. मावशींनी स्वतः ढकलून पाहिली आणि मान हलवली. त्यांची मान हलणं म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांना कळेल, धाकटीला त्या दिवशी आकाश ठेंगणं झालं होतं. बुधवारी संध्याकाळी तिने आणि लंबूने खुर्ची टेलरकाकांच्या दारात नेऊन दिली.

गुरुवारी सकाळी साडेनऊला मुलगा रिकामी खुर्ची ओढत पार्किंगमध्ये आला. त्याचा आवाज चौथ्या मजल्यावर मला ऐकू आला.

“दुरुस्ती म्हणतात याला? पहिल्याच वळणावर खुर्ची गर्रकन उजवीकडे फिरली. भिंतीवर आदळले बाबा. सावरायला गेले तर पुन्हा गोल फिरली. भर रस्त्यात चौघांनी उचलून घरी आणलं त्यांना. उचलून! माझे बाबा गेल्या आठवड्यापर्यंत एकटे जात होते!”

मी खाली पोचलो तेव्हा धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. “पण ती सरळ चालत होती,” ती पुटपुटली. “मी दोन्ही हातांनी...”

“दोन्ही? त्यांचा उजवा हात कुठे चालतो?” मुलगा ओरडला. “नुसत्या डाव्या हाताने ढकलतात ते!”

मावशी स्टुलावरून उठल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, “चूक माझी आहे. खुर्ची कोण चालवतं आणि कशी चालवतं, हे मी विचारलं नाही. एकतीस वर्षांनंतर ही चूक व्हायला नको होती. बाबांना फार लागलं का?”

“मार किरकोळ आहे. पण ते भिंतीकडे तोंड करून पडलेत. मी आता कुलूप लावणार. रविवारी दुपारच्या गाडीने त्यांना घेऊन जाणार.”

“रविवारी सकाळी एकदा बसू दे त्यांना या खुर्चीत. तुमच्या देखत. नाही जमलं तर मी स्वतः दुकानाचं सामान बांधायला येते.”

मुलाने खुर्ची मावशींकडे ढकलली. मग ‘एकदाच’ म्हणाला आणि निघून गेला. तो गेल्यावर धाकटी रडवेली होऊन म्हणाली, “मावशी, तुमची नाही, माझी चूक आहे.”

“तुझीच आहे,” मावशी म्हणाल्या. “माझीही आहे. पण दारात आलेल्या माणसाला उत्तर मी द्यायचं असतं, तू नाही. आता रडणं झालं असेल तर डबा आण.”

मी बाप म्हणून तिथे उभा होतो. तिला घरी नेऊन कुशीत घ्यावं असं मला वाटत होतं, आणि तसं केलं असतं तर त्या पोरीचं केवढं नुकसान झालं असतं हे आज लिहिताना कळतंय. मावशींना तेव्हाच कळलं होतं. त्यांनी पान्हा स्वतःच्या हातात घेतलाच नाही.

बावीस नंबरचा डबा उपडा केला. गंजके वॉशर, स्पोकचा तुकडा आणि ती दोन काळी बटणं. धाकटीने एक बटण बोटांत धरलं आणि तिचा चेहरा बदलला. “ही टेलरकाकांनीच घातली होती,” ती हळूच म्हणाली. “डाव्या हाताने ढकललं की खुर्ची उजवीकडे जाते. म्हणून त्यांनी डावं चाक जड करून ठेवलं होतं. ती बिघडलेली नव्हतीच. आम्ही हसलो त्यांना.”

मी भिंतीवरच्या माझ्याच नोटिसांकडे बघू लागलो.

बटणं होती, पण चाकात हवा किती होती ते कुणी लिहून ठेवलं नव्हतं. मावशींनी आपल्या एप्रनचा पट्टा सोडला, धाकटीचा उजवा हात तिच्या कमरेशी बांधला आणि तिला खुर्चीत बसवलं. “आता तू टेलरकाका. चल दुकानात.” पोरगी निघाली आणि दहा पावलांवर खांबाला धडकली. परत आली. थोडी हवा सोडली, पुन्हा निघाली. मावशी बरोबर चालत होत्या, पण हात पाठीमागे. गल्लीतले लोक बघायला उभे राहिले. कुणी तरी हसलंही. मावशींनी लंबूला सांगितलं, “दुसरी खुर्ची घे. तूही बांध.” मग स्वतःचाही हात बांधून घेतला. साठी ओलांडलेली ती बाई, हात कमरेला बांधून, भर रस्त्यात एका हाताने खुर्ची रेटत गोल गोल फिरत होती आणि प्रत्येक फेरीनंतर पोरांना विचारत होती, “खांदा कुठे दुखतो? तुझा कुठे? हं, मग त्यांचाही तिथेच दुखत असणार.” मला शरम वाटली म्हणून मीही एकदा बसलो. माझी स्वारी थेट माझ्याच स्कूटरवर जाऊन आदळली. आरशाची काच गेली. त्या तीन दिवसांत धाकटी फक्त तेव्हाच हसली, त्यामुळे काचेचं मला काही वाटलं नाही.

शुक्रवार गेला, शनिवार गेला. शनिवारी संध्याकाळी बाविसाव्या की तेविसाव्या खेपेला धाकटी एका हाताने औषधाच्या दुकानाचा चढ चढून, शिंप्याच्या बंद दारापाशी जाऊन, कुठेही न आदळता परत आली. हवा किती आहे ते मोजून तिने माझ्या दुसऱ्या नोटिशीच्या मागे लिहून ठेवलं. तिचा डावा तळहात सोलवटून निघाला होता.

रविवारी सकाळी टेलरकाकांना खुर्चीत बसवलं. खाली वाकून त्यांनी डाव्या हाताने पुढचं छोटं चाक चाचपलं, बोटांना बटणं लागली, आणि त्यांनी पहिल्यांदा धाकटीकडे बघितलं. मग निघाले.

धाकटीला मावशींचा हुकूम होता की दहा पावलं मागे राहायचं आणि हात पाठीशी ठेवायचे, काहीही झालं तरी. पहिलं वळण गेलं. ते आदळले होते ती भिंत गेली. चढावर खुर्ची मंदावली आणि उभीच राहिली. मुलगा पुढे झेपावला, तर मावशींनी त्याची बाही धरली. “थांबा हो. तुमच्याएवढाच माझाही जीव वर आलाय. पण थांबा.” टेलरकाकांनी डावा पाय जमिनीला टेकवला, दम घेतला, चाकाला हिसका दिला. खुर्ची हलली. चढ संपला. दुकानापाशी त्यांनी ब्रेक लावला, खिशातून किल्ली काढली आणि डाव्या हाताने कुलूप उघडलं.

मला रडू आलं. उगाच घाम पुसल्यासारखं केलं, पण बायकोने पाहिलंच. मुलगा दाराशी आला आणि वडिलांना म्हणाला, “मी दुपारच्या गाडीने एकटाच निघतो.” टेलरकाका तोवर गणवेशाचं कापड उलगडायला लागले होते.

नंतर मी मावशींना म्हटलं, तुम्ही पहिल्याच दिवशी स्वतः केलं असतंत तर तासाभरात झालं असतं. त्या म्हणाल्या, “झालं असतं की. मग पोरगी काय घेऊन घरी गेली असती, सेक्रेटरीसाहेब? अजून एक बेडूक?” ती बेडकाची गोष्ट त्यांना कुणी सांगितली कोण जाणे. मी परत येऊन पार्किंगच्या नकाशात सात नंबरपुढे ‘दुरुस्ती विभाग’ असं लिहिलं आणि सहा नंबरची माझी स्कूटरही बाहेर काढली. खुर्च्या वाढल्या होत्या.

शाळा सुरू होऊन महिना झाला असेल. एका दुपारी टेलरकाका आपली खुर्ची एका हाताने रेटत, एकटेच, पार्किंगमध्ये आले. पुढचं चाक पुन्हा खडखडत होतं. मी लगबगीने म्हटलं, “या या काका, मावशी आहेत इथेच.”

“मावशींकडे नाही आलो,” ते म्हणाले. झटक्यानंतर ते सावकाश बोलतात. “माझी मेकॅनिक कुठेय?”

मी मावशींकडे बघितलं. दोन मिनिटांचं काम होतं, पान्हा त्यांच्या हातातच होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि एप्रनला हात पुसत म्हणाल्या, “तिचं गिऱ्हाईक आहे ते. मी कशी हात लावू?” त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी तोवर कधी बघितला नव्हता.

“शाळेत गेलीय,” मी म्हणालो. “चारला येईल.”

टेलरकाकांनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन वाजले होते. त्यांनी खिशातून कोटाची दोन नवी काळी बटणं काढून मांडीवर ठेवली, ब्रेक लावला आणि म्हणाले, “मग थांबतो.”